माझ्या वासाची बाटली

नाक मुरडण्याआधी ऐकून घ्या, मित्रांनो. मी एक म्हातारा नर डुक्कर आहे आणि माझं सगळं आयुष्य नाकांच्याच भरवशावर चाललं.

तुमच्या-माझ्या रक्तात कोलेस्टेरॉल असतं. माझे वृषण त्याचा रेणू जरा इथे, जरा तिथे कातरतात आणि त्यातून स्टेरॉइडं घडवतात. एक मला नरपण देतं. दुसरं नुसताच वास देतं. शिकलेले लोक त्याला फेरोमोन म्हणतात. ते रक्तातून चरबीत आणि लाळेच्या ग्रंथींत जाऊन मुरतं. मी रिकामाच जबडा हलवू लागलो की तोंडाला फेस येतो आणि वास हवेत सुटतो. माजावर आलेली मादी तो हुंगते आणि पाय रोवून उभी राहते.

माझं काम तेवढंच. पिल्लांसाठीचं बीज दुसऱ्याच नराचं, थंड पेटीतून यायचं. मला माद्यांच्या गजांबाहेरून मिरवून परत कोठडीत ढकलायचे, जावयाला उंबऱ्यावरूनच वाटेला लावावं तसं. "याच्यामुळेच कळतं कोण तयार आहे ते," मालकीणबाई म्हणायच्या. कौतुक मिळालं, सोबत नाही.

मग जनावरांच्या डॉक्टरांनी फवाऱ्याची बाटली आणली. तोच वास, कारखान्यात केलेला.

"मग याला पोसायचं कशाला?" असं म्हणून मालकीणबाईंनी खाटकाला बोलावलं.

त्यानं लांबूनच हात जोडले. "ताई, हा वास चरबीत मुरलेला असतो. मटण शिजलं की गिऱ्हाईक पातेल्यासकट माझ्या दारात येईल. फुकटसुद्धा नको."

असा मी वाचलो. बाटली राखणदार काकांच्या खिशात गळली, तेव्हा माद्या त्यांच्यासमोरच थिजल्या. "घरी बायको दारात उभं करत नाही," काका करवादले, "आणि या जागच्या हलत नाहीत."

पण फवाऱ्याच्या पहिल्या सकाळी मी हसलो नव्हतो. वाऱ्यावर नराचा वास आला. अनोळखी, माझ्याहून तरुण. इतक्या वर्षांत शेजारी प्रथमच कुणी आलं होतं. भांडला असता तरी चाललं असतं. मी हुंकार दिला, भिंतीला कान लावला, पुन्हा हुंकार दिला. पलीकडे काकांच्या चपलाच तेवढ्या वाजत होत्या.

मित्रांनो, तुमच्या लेखी तो वास असेल, आमच्यात ती हाक असते. पुढेमागे अशी बाटली तुमच्या हाती आली, तर काम झाल्यावर झाकण घट्ट लावा. सगळं कळूनही, तो वास आला की मी अजून दाराशी जाऊन उभा राहतो.