पडत्या काळाची वाटी

मित्रांनो, मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. स्टीलचा, गोल, पोटात सात वाट्या, आणि झाकण अजूनही घट्ट बसते. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय? असा डबा आमच्याही घरी आहे. असेल की! पण तुमच्या डब्यात मोहरी असेल, हळद असेल. माझ्यात कित्येक वर्षांत फोडणीचा एक दाणा पडलेला नाही, तरी एका घराची चूल माझ्या जिवावर पेटती राहिली आहे. ही बढाई समजू नका. बरे, थोडी समजलात तरी चालेल.

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या चकत्यांवर यंत्राचा दाब बसला आणि आम्ही भावंडे पटापट आकाराला आलो. पॉलिशच्या चाकावर माझ्या अंगाची आग आग झाली, पण नंतर आरशात बघावे तसे लोक माझ्यात बघू लागले. मंजूषाताईंनी मला दुकानात हेरले. झाकण उघडून पाहिले, लावून पाहिले, बोटाने टकटक करून पाहिले आणि लेकीच्या रुखवतासाठी पसंत केले. दुकानदाराने माझ्यावर नाव घातले, 'सौ. नीलांबरी'. ते नाव आजही माझ्या झाकणावर आहे.

लग्नानंतर नीलांबरी आणि तिचा नवरा देवदत्त नेदरलँड्सला निघाले. देवदत्तला आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. घर त्यांनी टिलबर्गला घेतले, कारण तिथे भाडे जरा बरे होते. सामानाचे वजन वाढू नये म्हणून माझ्या वाट्यांत देवदत्तचे मोजे कोंबले होते. तो अपमान मी विसरलेलो नाही.

सुरुवातीची वर्षे मी नेमाने मसाले सांभाळले. पुढे स्वयंपाकघरात काचेच्या बरण्या आल्या. त्यांच्यावर सुंदर चिठ्ठ्या होत्या, आत काय आहे ते बाहेरून दिसत होते. माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. माझ्या अंगावर धूळ बसली. वर बसून मी खालचा संसार पाहत असे, आणि खरे सांगतो, मला फार वाईट वाटे.

नीलांबरी संख्याशास्त्र शिकलेली. पण जिथे अर्ज करावा तिथे डच भाषा हवी. ती डच शिकू लागली, मुलगी सुरुची झाली, आणि मधल्या रिकाम्या वेळात ती संगणकावर पोकर खेळू लागली. मित्रांनो, पोकर हा पत्त्यांचा खेळ. हातात कोणते पान येईल हे नशीब ठरवते, पण कुठला डाव लढवायचा आणि कुठला निमूटपणे सोडायचा हे डोके ठरवते. नीलांबरीचे डोके तेज होते. आधी सेंटांवर, मग युरोंवर, मग जवळच्या ब्रेडा शहरातल्या कॅसिनोच्या टेबलावर ती खेळू लागली आणि जिंकू लागली.

पण जिंकणे वेगळे आणि त्यावर पोट भरणे वेगळे. पहिल्या वर्षी तिचे सगळे पैसे एकाच खात्यात होते. आले की खर्च. एका चांगल्या महिन्यात घरात निळा सोफा आला, सुरुचीला सायकल आली. पुढचे दोन महिने मात्र पत्ते रुसले. तिचा खेळ चुकत नव्हता, पण या धंद्यात शहाण्यालाही महिनोन् महिने मार खावा लागतो. एक दिवस टेबलावर बसायलाच पैसे उरले नाहीत. दुकानदारानेच दुकानातला माल खाल्ला, तर गिऱ्हाइकाला विकणार काय?

त्या दिवशी ती निळ्या सोफ्यावर बसून रडली. मग उठली, स्टूल घेतले आणि मला खाली काढले. चिंचेने घासून लख्ख केले, आणि माझ्या सात वाट्यांना सात नावे दिली.

मधली वाटी खेळाचे भांडवल. तिच्या भोवती घरखर्च, कर, आजारपण, म्हातारपण, हौस आणि पडता काळ. पैसे बँकेत वेगवेगळ्या खात्यांतच राहिले, पण मोबाइलवरचा आकडा डोळ्यांना टोचत नाही. म्हणून माझ्यात कडधान्य आले. एक हरभरा म्हणजे शंभर युरो, एक राजमा म्हणजे हजार. दर रविवारी सकाळी पोहे झाले की ती माझे झाकण उघडी. मधल्या वाटीतून घरखर्चाच्या वाटीत ठरलेले हरभरे जात, म्हणजे तिने स्वतःला दिलेला पगार. चांगला महिना असो की वाईट, पगार तेवढाच. इथे कधी कर खेळवणारा कॅसिनो भरतो, कधी खेळणारा. कुठला कोणी भरायचा हे ती करसल्लागाराला विचारी, आणि उत्तर येईपर्यंत कराच्या वाटीत हरभरे टाकून ठेवी. तिला कंपनी नव्हती, त्यामुळे पेन्शनही नव्हती. म्हणून म्हातारपणाची वाटी. एका टेबलावर मधल्या वाटीचा अगदी थोडा हिस्सा न्यायचा. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की मधल्या वाटीतून बाहेर दाणे जातील, पण बाहेरच्या वाटीतून मध्ये एकही दाणा येणार नाही.

पडत्या काळाची वाटी भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. ती काठोकाठ भरली तेव्हा नीलांबरीने तिघांसाठी श्रीखंड केले. मी तर आनंदाने झाकणासकट वाजलो असतो!

मग एका उन्हाळ्यात देवदत्तचे आईवडील पुण्याहून आले. जयंतीबाई प्रेमळ आणि हाताला सतत काम लागणाऱ्या. सतीशराव सहकारी बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेले, ताठ आणि कमी बोलणारे. सून पत्ते खेळून पैसे मिळवते हे त्यांना मुळीच रुचले नव्हते. ते जुगाराचे नावही घरात काढीत नसत, पण नीलांबरी खेळायला निघाली की मान फिरवून खिडकीबाहेर बघत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी जयंतीबाईंनी मला उघडले. हरभऱ्यात राजमा पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी राजमा वेचून बरणीत भरला, हरभरे रात्री भिजत घातले आणि सकाळी झणझणीत उसळ केली. वास घरभर सुटला. सुरुची नाचत आली, रिकाम्या वाट्या पाहिल्या आणि किंचाळली, "आजी, नो! दॅट इज बेलास्टिंग!"

"काय गं ते?" जयंतीबाई बावरल्या.

नीलांबरी धावत आली, पातेल्यात डोकावली आणि हसत हसत खालीच बसली. "आई, बेलास्टिंग म्हणजे टॅक्स. तुम्ही आमचा टॅक्स शिजवलात! आणि थोडं म्हातारपणसुद्धा!"

"अगो बाई! मग आता गं? फेकायचं का?"

"फेकायचं कशाला? पैसे बँकेत आहेत. हे नुसते दाणे. वाढा तुम्ही."

देवदत्तने दोनदा मागून घेतली. "टॅक्स इतका टेस्टी असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. सतीशराव मात्र हसले नाहीत. ताटावरून नजर न उचलताच ते म्हणाले, "पत्त्यांचे पैसे वाट्यांत ठेवले म्हणून त्यांचा पगार होत नाही." नीलांबरी उठली आणि माझ्या वाट्या धुऊ लागली. मग खात्यांतले आकडे बघून तिने त्यांत नवे दाणे मोजून भरले. मला त्या दिवशी सतीशरावांचा भारी राग आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत देवदत्त भर दुपारी घरी आला. पायांतले बूटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. "माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करत नाहीयेत. प्रोजेक्टच बंद केला. पुढच्या महिन्यापासून पगार नाही."

मित्रांनो, इथे परदेशी इंजिनिअरचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की नवी शोधायला तीन महिने. त्यात मिळाली नाही, तर सुरुचीची शाळा, हे घर, सगळे आवरून परत. नीलांबरीचा परवानाही नवऱ्याच्याच परवान्यावर. ती कितीही जिंको, तिच्या जिंकण्याने परवाना मिळत नाही. बेकारीचा भत्ता मागायलाही देवदत्त धजेना. त्याने परवान्यावर काही बालंट येईल, अशी त्याला भीती.

सतीशरावांनी पुण्यातली ठेव मोडायची तयारी दाखवली. "नको बाबा," नीलांबरी म्हणाली, "याच दिवसांसाठी वाटी भरली आहे." त्या रविवारी तिने पहिल्यांदा पडत्या काळाच्या वाटीत हात घातला आणि देवदत्तच्या पगाराइतके दाणे घरखर्चात टाकले. ती वाटी रिकामी होताना मला जितके दुःख व्हायला हवे होते, तितके झाले नाही. उलट छाती भरून आली. ज्या कामासाठी जपले, त्या कामाला ती आली होती.

दिवस जाऊ लागले. मुलाखती होत, नकार येत. कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावातल्या एका कंपनीने देवदत्तला बोलावले, पण काम त्याच्या विद्येचे नव्हते आणि त्याचा नाइलाज ओळखून त्यांनी पगारही कमीच देऊ केला होता. "घेऊन टाकतो," तो म्हणाला. "थांब," नीलांबरी म्हणाली, "अजून वाटीत दाणे आहेत. घाबरून हो म्हणू नकोस." त्याने नकार कळवला आणि त्यानंतर त्याची झोपच उडाली.

एका सकाळी तो माझ्यापाशी आला. नीलांबरी चहा गाळत होती, सतीशराव टेबलाशी बसले होते. देवदत्तने माझे झाकण उघडले आणि पडत्या काळाच्या वाटीवर हात ठेवला.

"नीला, रॉटरडॅमला मोठी टूर्नामेंट आहे. ही वाटी घेऊन जा. एकदाच. पहिली आलीस तर सगळं टेन्शन संपेल."

"त्या वाटीचं नाव काय, देव?"

"अगं, माहीत आहे मला."

"म्हण तरी."

"पडता काळ."

"मग आता काय चाललंय आपलं?"

तो वाटीतले दाणे बोटाने चाळवू लागला.

"ही वाटी खायला आहे. खेळायला नाही. आणि पहिलीच येईन असं जगातला कुणीही सांगू शकत नाही, मी तर मुळीच नाही."

देवदत्तने हात मागे घेतला. मी श्वास रोखून होतो. डब्याला श्वास नसतो हे मला ठाऊक आहे, तरीही.

तेवढ्यावर थांबती तर ती नीलांबरी कसली? त्या दिवसापासून ती नेहमीचे टेबलही सोडून त्याहून लहान, कमी पैशांच्या टेबलावर बसू लागली. सतीशरावांच्या ते लक्षात आले. तिने पर्स भरली तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिला तिच्या कामाविषयी विचारले, "आज इतके कमीच का नेतेस?"

"बाबा, घरात पगार नाही, म्हणून मी घाबरलेली आहे. घाबरलेल्या माणसानं मोठ्या टेबलावर बसू नये. चुका होतात. थोडं कमी मिळेल, पण मिळेल."

सतीशरावांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "कर्जखात्यात जन्म गेला माझा. अडचणीत आलेला माणूस आधीच्यापेक्षा जास्तच मागायला यायचा. अडचणीत हात आखडणारा मी पाहिला नव्हता गं." तिची पर्स तिच्या हाती देत म्हणाले, "जा. सावकाश खेळ. सुरुचीला शाळेतून मी आणतो."

नीलांबरी दाराबाहेर गेली आणि जिन्यात उभी राहून डोळे पुसून मग स्टेशनाकडे निघाली. जयंतीबाईंनी ते पाहिले होते, त्यांनीच नंतर स्वयंपाकघरात सांगितले.

लहान टेबलावर ती गाजावाजा न करता जिंकत राहिली. मधली वाटी खालावली तर नाहीच, वर चढू लागली. रविवारी आता दाणे मोजायला सतीशराव चष्मा लावून बसत आणि एक हरभरा इकडचा तिकडे झाला तरी हटकत! आणि तिसरा महिना सरत आला असता आइंडहोव्हनच्या दुसऱ्या एका कंपनीचा फोन आला. देवदत्तच्याच विद्येचे काम, पगार आधीपेक्षा जास्त, परवान्याचे कागद कंपनीच करणार. त्याने फोन ठेवला आणि नीलांबरीला उचलून गरागरा फिरवले. सुरुची डचमध्ये ओरडत होती, जयंतीबाई देवापुढे साखर ठेवायला धावल्या. माझ्या पडत्या काळाच्या वाटीत अजूनही मूठभर दाणे शिल्लक होते. जिंकलो होतो आम्ही!

त्याच संध्याकाळी पुण्याहून सतीशरावांचे मित्र विश्वासराव व्हिडिओवर आले. "पोराला नोकरी लागली, सुटलात बुवा! इतके दिवस कसं निभावलंत?"

"सुनेनं निभावलं," सतीशराव ताठ बसून म्हणाले. "पोकर खेळते ती. धंदा आहे तिचा. तीन महिने आम्ही सगळे तिच्या कमाईवर जेवलो, आणि पोटभर जेवलो."

नीलांबरी ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण तिच्या हातातले लाटणे थांबले.

मित्रांनो, मला घासा-पुसा, नीट ठेवा, हे तर मी मागणारच. डबा आहे मी. पण आज माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या ओळखीत कुणाची कमाई ठरलेल्या तारखेला येत नसेल. कुणी गात असेल, कुणी चित्रे काढीत असेल, कुणी पत्ते खेळत असेल. 'काहीतरी नीट काम बघ' असे त्याला म्हणण्याआधी तो मिळालेल्या पैशाचे काय करतो ते बघा. ज्याचा पैसा नेमाने येत नाही, त्याला नेमाने राहावे लागते, आणि तसे राहणे फार अवघड असते. माझ्या नीलांबरीला ते जमले. नव्या नोकरीचा पहिला पगार झाला त्या रविवारी देवदत्त हरभऱ्यांची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसला आणि तिला म्हणाला, "सांग, माझे कुठे टाकू?"