लहान विमानाची मोजपट्टी

आमचे आप्पा विमानातल्या इंधनाच्या काट्याला कवडीची किंमत देत नाहीत. "तो पुढाऱ्यासारखा असतो, आतून रिकामा असला तरी भरल्याचा आव आणतो," म्हणतात. उड्डाणापूर्वी स्वतः टाकीत लाकडी मोजपट्टी बुडवणार, ओल कुठवर आली ते बघणार. त्या कामाला मला हात लावू देत नाहीत. मी त्यांची मुलगी, शिवाय त्यांच्या दोन्ही विमानांची मेकॅनिक, तरीसुद्धा!

त्या दुपारी ते दवाखान्याची औषधं पोचवून लहान विमानानं परतत होते. मी हँगरमधलं टेबल आवरायला घेतलं, तर लहान विमानाची मोजपट्टी तिथेच पडलेली. म्हणजे आप्पांनी मोठ्याची नेली. मोठ्याची टाकी पसरट, लहानाची अरुंद. मोठ्याची मोजपट्टी जिथे साठ लिटर सांगते, तिथे लहानात जेमतेम चाळीस असतात. मी घड्याळ बघून हिशेब केला. आप्पा अजून पंचवीस मिनिटं लांब होते आणि इंधन उरलं होतं फार तर पंधरा मिनिटांचं. पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांचं मैदान मात्र त्यांच्यापासून दहा मिनिटांवर होतं.

मी रेडिओ उचलला. "आप्पा, फवारणीवाल्यांच्या मैदानावर उतरा. इंधन संपत आलंय."

"मी स्वतः मोजलंय."

"काटा काय दाखवतोय?"

"काट्याचं काय घेऊन बसलीस? मला काय म्हातारा समजतेस?"

दोन्ही मोजपट्ट्यांवर मी ठळक अक्षरांत 'लहान' आणि 'मोठं' लिहून ठेवलं होतं. आप्पांनी जवळचा चष्मा लावला नसणार, दुसरं काय! पण तसं म्हटलं असतं तर ते हट्टानं सरळ घराकडेच आले असते. नाकावर माशी बसू देतील ते आप्पा कसले?

"आप्पा, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मीच नावं उलटी लिहिली. माझ्या चुकीपायी तुम्हाला काही झालं तर मी जगायचं कसं?" एवढं बोलताना मला खरंच रडू फुटलं.



"रडू नकोस," ते म्हणाले. "उतरतो. पण भेटलीस की कान उपटणार आहे तुझे."

इंधनाचे डबे गाडीत टाकून मी तिथे पोचायला दीड तास लागला. आप्पा पंखाच्या सावलीत बसले होते. टाकीचा तळ दिसत होता. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मी त्यांच्या गळ्यातच पडले. एरवी असलं काही त्यांना खपत नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला दूर केलं नाही.

मग त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि सोबत नेलेली मोजपट्टी समोर धरली.

"मोठं," त्यांनी वाचून दाखवलं. "नाव बरोबर आहे की. खोटं बोललीस."

"हो."

"बरं केलंस, पोरी. खरं बोलली असतीस तर मी उतरलो नसतो."