कामटीला धरलेला हात

मित्रांनो, तुंबलेली गटारं मोकळी करणारी मी बांबूची एक जुनी कामटी आहे. वीस हात लांब आणि दोन बोटं रुंद. डांगच्या रानात मला तोडलं, उभं चिरलं, तासलं, आणि मी सुरतेला सोमाभाई सोलंकींच्या हाती आले. त्यांच्या जोडीला त्यांचा मेहुणा कानजी असे.

रस्त्यावरचं झाकण उघडून ते मला गटाराच्या नळात सरकवत. टोकाला काय लागलं ते सोमाभाईंना हातातच कळे. "चिंधी आहे," ते म्हणत. किंवा, "तेल ओततंय कुणीतरी." पाणी निघालं की गॅलरीतून बायका सांगत, "वाहिलं हं, भाई." मग चहा येई, वेगळ्या कपांतून.

एका फाल्गुनात मीनळ सोसायटीच्या गटाराचा नळ तुंबला. कुणीतरी उरलेलं सिमेंट मोरीत ओतलं होतं. मी दोनदा वाकले, पण ते हललं नाही.

"उतरून बघ ना, कानजी. दोन मिनिटांचं काम," सोसायटीचे सेक्रेटरी रसिकभाई म्हणाले.

"आत विषारी वायू असतो, शेठ. यंत्राची गाडी मागवा," सोमाभाई म्हणाले.

"गाडीला चार दिवस लागतात. माझ्याकडे आज पाहुणे आहेत."

"जाऊ द्या, भावजी. गेल्या वर्षी नाही का उतरलो?" कानजी म्हणाला. त्याने शर्ट काढून कुंपणावर टाकला आणि तो पहार घेऊन खाली गेला.

पहारीचे चार घाव ऐकू आले. मग काही नाही.

सोमाभाईंनी मला आत सोडलं. "कानजी, धर." त्याने मला धरलं. घट्ट धरलं. सोमाभाई ओढत होते. मग त्याची बोटं एकेक करून सुटली. सोमाभाई आत उतरायला निघाले, तेव्हा जमलेल्यांपैकी चौघांनी त्यांना आवळून धरलं.

पाणी मात्र वाहू लागलं होतं.

त्यानंतर मी सोमाभाईंच्या घरामागच्या भिंतीला टेकून असते. तेराव्यानंतर कानजीची बायको जसूबेन तिथे आली.

"त्यांनी हिला धरलं होतं ना, भावजी?"

"धरलं होतं."

"कुठं?"

सोमाभाईंनी जागा दाखवली. तिने तिथे हात ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग ती दळण आणायला गेली.

मित्रांनो, मला आता काहीच वाटत नाही. तरी सांगते. मोरीला जाळी लावा. तेल, चिंध्या, सिमेंट तिच्यात टाकू नका. आणि तुंबलंच, तर चार दिवस वास सहन करा. कुणाला आत उतर म्हणू नका.