अडकलेला पैसा

उस्मानपुऱ्यात पीर बाजाराच्या मागच्या गल्लीत वच्छलाबाईला ‘चालती बँक’ म्हणत, आणि हे नाव तिला कौतुकानं पडलं होतं असं समजायचं कारण नाही. बँकेत निदान सही तरी घेतात. वच्छलाबाई सही घेत नसे, व्याज घेत नसे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा मुद्दलही घेत नसे. वीस वर्षं तिनं एमआयडीसीतल्या पोरांना डबे पुरवले, त्यातून चार पैसे गाठीला बांधले, आणि ते बांधले हे साऱ्या जगाला ठाऊक झालं. सोयगावचा भाचा कडूबा यायचा, विहिरीवरची मोटर जळली म्हणायचा, पंधरा हजार घेऊन जायचा, आणि पुढच्या खेपेला नव्याकोऱ्या फटफटीवर बसून यायचा. परत मागायची हिला लाज. पैसे घेतले त्यानं, आणि मान खाली घालून बसायची ही.

असला भिडस्त स्वभाव औषधानं जात नाही. पण पुण्याच्या लेकीनं त्यावर तोड काढली. दिवाळीला आली तेव्हा तिनं आईच्या नावानं रिझर्व्ह बँकेत खातं उघडून दिलं आणि सरकारची ट्रेझरी बिलं म्हणजे काय ते समजावलं.

"सरकारला तीन महिन्यांसाठी पैसे द्यायचे, आई. आज अठ्ठ्याण्णव आणि वर काही पैसे भरायचे, तीन महिन्यांनी शंभर परत. दर बुधवारी लिलाव असतो."

लिलाव म्हटल्यावर वच्छलाबाईचा चेहरा उजळला. गल्लीतली बोलीची भिशी गेली कित्येक वर्षं तीच चालवत होती. वीस बायका, महिन्याला प्रत्येकीचे पाच हजार, जमतात लाख. जिला गरज असेल तिनं बोली लावायची: मी लाखातले चार हजार सोडते, मी पाच सोडते. जी जास्त सोडेल तिनं उरलेले उचलायचे, आणि सोडलेले सगळ्यांनी वाटून घ्यायचे. ज्या शेवटपर्यंत थांबतील त्यांना जवळजवळ पुरे लाख. त्यामुळे शंभराचं अठ्ठ्याण्णवला म्हणजे काय हे तिला चटकन कळलं. पण कळलं ते भिशीच्या हिशेबानं.

"म्हंजे सरकार अडलंय व्हय गं?" तिनं काळजीनं विचारलं. "अडल्याबिगर कोण दोन रुपये सोडतंय?"

"सरकार कायमच अडलेलं असतं. पण बुडवत नाही."

तरी चार दिवस तिला कसंसंच वाटत राहिलं. अडलेल्याचे दोन रुपये खायचे, मग तो अडलेला सरकार का असेना! भिशीत आपण इतकी वर्षं तेच करत आलो, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. माणसाला सरकारची कीव फार लवकर येते.

शेवटी तिनं दोन लाखांची बिलं घेतली, आणि मग तिला त्यांचा खरा नफा कळला. तो व्याजात नव्हता. कडूबा आला, "मावशी, यंदा जरा..." म्हणाला, आणि वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "पैसा सरकारकडं अडकलाय रे बाबा. माझ्या हातात काय नाय." कडूबा मुकाट्यानं चहा पिऊन गेला. खोटं बोलावं लागलं नाही, वाईटपणा आला नाही. घराला भक्कम कडी बसवल्यासारखं तिला वाटलं. मग काय, भिशीत, भाजीवाल्यापाशी, पिठाच्या गिरणीत, जिथं तिथं ती सांगत सुटली: आपला पैसा अडकलाय.

त्या कडीला एक फट होती. बिलाची मुदत गुरुवारी संपायची, पैसे बँकेच्या खात्यात यायचे, आणि पुढचा लिलाव थेट बुधवारी. बोली लेक पुण्याहून लावून द्यायची, पण मधले दिवस दोन लाख नुसते पडून असायचे. त्या दिवसांत वच्छलाबाई शक्यतो कुणाच्या दारात जात नसे.

द्वारकाबाई आली ती नेमकी अशाच एका शुक्रवारी.

द्वारकाबाई म्हणजे डब्यांच्या दिवसांत तिच्या शेजारी बसून पोळ्या लाटणारी बाई. पगार ही द्यायची आणि ती घ्यायची, पण मालकीण आणि कामवाली असं ते नातं कधी राहिलंच नाही. एकीला ताप आला तर दुसरी दोघींचं काम ओढायची. वच्छलाबाईचा नवरा गेला तेव्हा त्या घराला दोन्ही वेळचं जेवण द्वारकाबाईकडून आलं होतं. उसने पैसे तिनंही नेले होते, नाही असं नाही. पण सांगितलेल्या दिवसाच्या आधी आणून दिले होते.

ती आत आली, भिंतीला टेकून बसली. "वच्छे, नातीचा नर्सिंगला नंबर लागलाय. मंगळवारपर्यंत ऐंशी हजार भरायचेत, नाय तर जागा जाती. आमच्या मालकाचा वॉचमनचा पगार तुला ठावं हाय. तुझ्याकडं काय व्हतंय का? म्या भिशी शेवटाला उचलते, लाख आले की तुझे एकदम देते."

नाही म्हणायचं वच्छलाबाईच्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण दोन वर्षांत जिभेला सवय लागली होती. "पैसा सरकारकडं अडकलाय गं," ती म्हणून गेली.

म्हणून गेली आणि थबकली. ‘थांब, चुकलं माझं, कालच आलेत’ एवढं म्हणायला असा किती वेळ लागतो? पण तेवढ्यात द्वारकाबाईच कपाळावर हात मारून म्हणाली, "खरंच की. म्या बी यडी. तू सांगितलं व्हतंस मला." आणि वर तिची समजूत काढायला लागली. "तू मनाला लावून घिऊ नको. रविवारी भिशी हाय ना, बोली लावते. व्हतंय सगळं."

खात्यात दोन लाख असलेल्या बाईची समजूत ऐंशी हजारांना अडलेली बाई काढत होती. वच्छलाबाईनं तिला चहा दिला आणि स्वतःच्या कपात बघत बसली.

शनिवारी तिनं दोनदा पायांत चप्पल घातली आणि दोनदा काढली. जाऊन सांगायचं तरी काय? सरकारनं आजच सोडले म्हणायचं, तर एका खोट्यावर दुसरं. खोटं बोलले म्हणायचं, तर तोंड कुठं लपवायचं? मग तिला वाटलं, भिशी मिळेलच की तिला, चार-पाच हजार सोडून. तेवढ्यानं काय बिघडतंय? हा विचार आला आणि तिला बरं वाटलं. असले विचार बरं वाटायलाच येतात.

रविवारी दुपारी बायका जमल्या. वच्छलाबाईच्या भिशीत एक नियम होता आणि तो तिनं स्वतःच घातला होता: बोली लावताना पैसे कशाला हवेत ते सांगायचं नाही. नाही तर जी रडेल तिला दरवेळी भिशी स्वस्तात. नियम शहाणपणाचाच होता. आतापर्यंत त्याचं तिला कौतुकही होतं.

"पाच सोडते," द्वारकाबाईनं सुरुवात केली.

"सहा," साळूबाई म्हणाली. साळूबाईच्या नवऱ्याचं क्रांती चौकाजवळ हार्डवेअरचं दुकान. तिला दसऱ्याच्या आत पाटल्या करायच्या होत्या. तिच्या पाटल्यांची बातमी गल्लीला होतीच, द्वारकाबाईच्या नातीची मात्र नव्हती.

आठ झाले, दहा झाले. "एकवार," वच्छलाबाईनं पुकारलं आणि मनाशी ठरवलं, आता सांगायचं. तेवढ्यात साळूबाईनं बारा म्हटलं. पंधरा झाले. वीस झाले. एवढे कुणी कधी सोडले नव्हते. आधी हसणाऱ्या बायकांतल्या दोघी-तिघी बोटांवर हिशेब करायला लागल्या, आपल्या वाटणीला काय येतं त्याचा.

"पंचवीस," साळूबाई इरेला पेटली होती.

द्वारकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "अठ्ठावीस," ती म्हणाली.

साळूबाईनं हात झटकला. "घ्या बाई तुम्हीच. एवढं कोण सोडतंय?"

"एकवार," वच्छलाबाई म्हणाली. "दोनवार." अजूनही वेळ गेली नव्हती. ‘ही बोली मोडली, द्वारकाला मी देते’ म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मग वीस बायकांना कळलं असतं की कुठला सरकारकडं अडकलेला पैसा अन् कुठलं काय. तिची जीभ टाळ्याला चिकटली. आणि तीच जीभ पुढच्या क्षणाला छान सुटली.

"तीनवार."

द्वारकाबाईच्या हातात बहात्तर हजार पडले. सोडलेल्या अठ्ठावीस हजारांची वाटणी झाली, प्रत्येकीला चौदाशे. नियमाप्रमाणं द्वारकाबाईलाही तिच्याच पैशांतले चौदाशे मिळाले, आणि तिनं ते कपाळाला लावून घेतले. वच्छलाबाईचे चौदाशे साळूबाईनं तिच्या मांडीवर ठेवले. "बरी सुटली की यंदा, वच्छलाताई!" वच्छलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोटा तिथंच मांडीवर पडून होत्या आणि त्यांना हात लावायचं धाडस तिला होईना.

सोमवारी बँक उघडताच ती रांगेत पहिली. अठ्ठावीस हजार काढले, पदराखाली धरले आणि तडक गल्लीच्या टोकाला द्वारकाबाईच्या दोन खोल्यांत गेली. द्वारकाबाई कानांतली फुलं काढून रुमालात बांधत होती. सहा हजार सहाशे कमी पडत होते, सराफाकडं निघाली होती.

"हे घे," वच्छलाबाईनं पैसे तिच्यापुढं ठेवले. "तू सोडलेले अठ्ठावीस."

द्वारकाबाईनं नोटांकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "वच्छे! सरकारातले मोडून आणलेस व्हय? माझ्यापायी? अगं पोरी, भाईर ये आधी. आज्जीच्या पाया पड. आपल्यासाठी सरकारकडचा पैसा मोडला तिनं."

नात बाहेर आली आणि वाकली. वच्छलाबाई मागं सरकली, पण खोली ती केवढी, पाठीला भिंतच लागली. पोरीचे हात तिच्या पावलांना लागले तेव्हा तिला चटका बसल्यासारखं झालं. पोरगी अशी आनंदानं फुललेली, आणि आपण कोण तिचा नमस्कार घेणाऱ्या?

"तोटा किती झाला?" द्वारकाबाई विचारत होती. "मुदतीच्या आधी मोडलं म्हंजे कापलं असंल काय तरी. ते म्या भरून देते."

इथं ‘काही नाही कापलं’ म्हणून सुटता आलं असतं, आणि जन्मभर गल्लीत नाव झालं असतं. ते तिला सुचलंही. आणि सुचलं याचीच तिला इतकी किळस आली की तोंडून खरं बाहेर पडलं.

"मोडले नाय गं. गुरुवारीच आले व्हते बँकेत. तू आलीस तवा व्हते."

खरं बोललं की हलकं वाटतं असं तिनं ऐकलं होतं. तसलं काही झालं नाही. द्वारकाबाईनं नातीला आत जायला सांगितलं आणि रुमालाची गाठ आवळली. तिनं आरडाओरडा केला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर वच्छलाबाईनं त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या.

"नाय म्हणायचं व्हतंस मग," द्वारकाबाई म्हणाली. "तुझा पैसा हाय. म्या काय रुसले असते? वर तुलाच धीर देत बसले म्या."

"जिभेला सवय झाली गं. कडूबा यायचा, ते टाळायला..."

"म्या कडूबा हाय का?"

"ठेव हे," वच्छलाबाई कशीबशी म्हणाली. "परत देऊ नको. तुझेच हायेत."

द्वारकाबाईनं नोटांतले सहा हजार सहाशे बाजूला काढले आणि बाकीचे हलकेच तिच्याकडं सरकवले. "पोरीची जागा जाईल, म्हणून एवढे घेते. पण फुकट नको. सरकार तुला काय देतं?"

"द्वारके, असं काय करतीस?"

"नाय, सांग ना. शंभराला वरसाचे किती? सरकार देतं तेवढं म्या बी देईन. माझ्यापायी तुझं नुकसान नको."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर सोसता आला असता. पण टोमणा नव्हता. बाजारात भाव विचारावा तसं ती खरोखरच विचारत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत पैशांना हात लावणार नव्हती. आत पोरगी पिशवीत कागद भरत होती. वच्छलाबाईला हात जोडावेसे वाटले, पण कुठल्या तोंडानं जोडणार? व्याज नको म्हणायचा हक्क तिनं शुक्रवारीच घालवला होता.

"पावणेसात," ती म्हणाली.

"पावणेसात," द्वारकाबाईनं लक्षात राहावं म्हणून पुन्हा म्हटलं. मग तिनं रुमाल सोडला आणि कानांत फुलं घालायला आरशाकडं वळली.