न विझवलेली दिवटी

तुळजापूर जवळ आलं तशी सरोजिनीनं पायाशी कलंडलेली पिशवी सरळ केली आणि तिचा हात तांब्याला लागला. तांब्या जड होता. झाकण काढून पाहिलं तर दूध जसंच्या तसं.

त्या दुधानं दिवटी शांत करायची होती. तामलवाडीच्या पलीकडं वनखात्याच्या रानात खंडोबाचं ठाणं आहे. चैत्रात तिथं जाऊन दिवटी पाजळायची, हा घराचा कुळाचार. पेटती दिवटी फुंकायची नाही, पाण्यानं तर मुळीच विझवायची नाही. थोरल्या सुनेनं तिच्यावर दूध घालायचं. थोरली सून सरोजिनीच. आणि नेमक्या त्या वेळी बाईसाहेब कुठं होत्या? झाडाखाली सिगारेट ओढत बसलेल्या सोलापूरच्या दोन तरुणांना झापत होत्या. शाळेत शिकवतात ना, जीभ कायम तयारच. वाळलं गवत, एक ठिणगी, सगळं ऐकवून झालं. तेवढ्यात नवऱ्यानं, योगीराजनं, हॉर्न वाजवला आणि ती तशीच गाडीत येऊन बसली.

"गाडी वळवा," ती म्हणाली.

तेल संपलं की आपोआप विझेल, असं योगीराजचं म्हणणं पडलं. मागं बसलेल्या सासूबाई, लक्ष्मीबाई, देव बघून घेईल म्हणाल्या आणि हात जोडून मोकळ्या झाल्या. सरोजिनीला दोघांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. दगडाला टेकवलेली दिवटी, शेजारी गुडघाभर कुसळी गवत आणि वर हा वारा. त्याच गवतात तितरांची घरटी होती, वर्गातल्या मुलांना तिनंच नेऊन दाखवलेली. ती पुन्हा एकदा "वळवा" म्हणाली, तेव्हा तिच्या आवाजानं योगीराजनं मुकाट्यानं गाडी वळवली.

तामलवाडी मागं पडली आणि लांबून धूर दिसला. कुणी बांध पेटवला असेल, ती स्वतःला समजावत राहिली. पण जवळ गेल्यावर कळलं, धूर रानातूनच येत होता.

आग विझली होती. ठाण्याच्या पुढं खळ्याएवढी जागा काळी पडली होती. ते दोघे तरुण खाली बसले होते, तोंडं काजळलेली, एकाचा तळहात फोडांनी भरलेला. त्यांच्यासमोर वनमजूर बब्रुवान काठी रोवून उभा होता.

"बरं झालं बाई, तुमी आलात," तो म्हणाला. "सिगारेटीवरनं ह्यांलाच बोलला व्हता न्हवं? म्या लांबून बघितलं. सायेब यायलेत. त्यांच्याम्होरं तेवढं सांगा."

आम्ही तर विझवत होतो, असं एक तरुण पुटपुटला. बब्रुवाननं त्याला गप्प बसवलं.

दिवटी तिथंच राखेत आडवी पडली होती. बब्रुवानला ती दिसत होती, पण देवाच्या दिवटीनं आग लागते हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं. लक्ष्मीबाईंनी मागून सुनेचा पदर ओढला. योगीराज गाडीचं टायर बघत राहिला.

लांबून जीपचा आवाज आला. सरोजिनीला भीती वाटली, नोकरीची, गावाची, घराच्या नावाची. खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. सिगारेट तर ते ओढतच होते. फक्त गप्प राहिलं की भागत होतं. पोरं पळून गेली असती तर सुटली असती. हातानं आग विझवत थांबली, म्हणून सापडली.

"बब्रुवानभाऊ, ह्यांना सोडा," ती म्हणाली. "दिवटी मी विझवलीच नाही. आग आमच्यामुळं लागली."

बब्रुवाननं मान हलवली. "देवाच्या दिवटीनं कशी लागंल, बाई? तुमचं आपलं कायतरीच."

ती राखेत उतरली, दिवटी उचलली. दांडी अजून पोळत होती. ती तशीच हातात धरून जीप येत होती तिकडं चालायला लागली.