चिंचेनं घासलेला हुक्का

आमच्या ह्यायले बिडीचं व्यसन नाई, तंबाखूचं नाई, पानाचं नाई. म्हनून त माह्या बापानं मले यायच्या घरी देल्ली. "पोरगा निर्व्यसनी हाय, कोकिळे, एस.टी.त क्लार्क हाय, डोळे मिटून हो म्हन." म्या डोळे मिटून हो म्हन्लं. उघडले तवा घरात चिलीम होती!

झालं असं. आमचे हे, म्हंजे बबनराव, आर्वीच्या डेपोत गाडीत राह्यलेल्या सामानाचं रजिस्टर सांभाळत. लोकं काय काय इसरून जात, बाप्पा! छत्र्या, डबे, चपला, एकदा त दाताची कवळी. मालक आलाच नाई का वर्षाकाठी त्या सामानाचा तठीच लिलाव होये. आमच्या लग्नाले चार महिने झाले असतीन, त्या लिलावात कोन्या साहेबाचा लाकडी पाईप निघाला. तोंडाकडून दातानं चावलेला. छत्रीवर बोली लागली, डब्यावर लागली, पाईपाले कोनी इचारे ना. सारे हसले. ह्यायनं हात वर केला अन् घरी घेऊन आले. मले म्हने, "पाह्य ना वं, किती मन लावून कोरला हाय. असा टाकून द्याचा का?"

म्या कपाळावर हात मारून घेतला. "अवो, कोन्या परक्या मानसाच्या तोंडातलं उष्टं घरात आनता? घरात देव हाय!" तवापासून नेम झाला. चिलमीले घरात जागा नाई. न्हानीमागं टिनाची खोली होती, तठी ठेवा काय ठेवाचं ते.

अन् ह्यायनं ठेवलं, बाप्पा, ठेवलं! सदतीस वर्ष ठेवलं! रविवार आला का खांद्यावर पिशवी. गिरडहून मातीच्या चिलमी, सिंदीच्या एका कापूस-दलालाकडून चांदीच्या तोंडाचा पाईप, हिंगनघाटच्या भंगारवाल्याकडून पितळी हुक्के. हरेकाले एक चिठ्ठी बांधलेली. कुठं भेटला, कोनाचा होता, कवाचा असंन. सोयरे चिडवत. माहा भाऊ त तोंडावर म्हने, "काय चिलीमबाबा, मारला का दम?" हे हसून सोडून देत. मी कुठची सोडते! पाहुने गेले का मी वरून ह्यायलेच चार शब्द ऐकवत होती.

मांगच्या दिवाळीत हे माह्यासमोर मांडी घालून बसले. "कोकिळा, सत्तरी आली. माह्या माघारी तू हे सारं भंगारात घालशीन."

"घालीन," म्या म्हन्लं. "खोटं कायले बोलू?"

"त मंग मीच जितेपनी एकेकीचं लगीन लावून देतो. ज्याले कदर हाय त्याच्या घरी जाईन."

नागपुरात जुन्या वस्तूंचा लिलाव करनारे लोकं हायेत, त्यायले ह्यायनं चिठ्ठी लेहली. त्यायचा सुमीत नावाचा एक चश्मेवाला पोरगा पाह्याले आला. चांगला शिकलेला, बायको-लेकरवाला. म्या म्हन्लं, धा मिनिटात पयते हा. तो त्या टिनाच्या खोलीत चार तास बसला! बाहेर आला तवा डोक्यात जाळे अन् हातात ह्यायच्या चिठ्ठ्या. म्हने, "काकाजी, एवढी माहिती मला पुस्तकांतही मिळाली नाही. तुम्ही जाणकार माणूस आहात."

ह्यायचे कान लालभडक. सदतीस वर्षात पह्यल्यांदा कोनी ह्यायले जानकार म्हन्लं होतं. घरात आमी सारे येडा म्हनाले बसलोच होतो. त्या दिवशी हे दोन पोळ्या जास्त जेवले, अन् मले खरंच बरं वाटलं. कसं हाय, मानूस आपला असते, त्याचं येडेपनबी आपलंच असते.

सुमीतनं सांगतलं, लिलाव वर्ध्याले करू, एका मंगल कार्यालयात. पुस्तिका छापू. अन् पुस्तिकेच्या वरच्या पानावर तो काळा हुक्का टाकू. तो हुक्का म्हंजे ह्यायचा जीव. खाली नारळाएवढा काळा गोळा, वर लांब मान. देवळीकडच्या एका मालगुजाराच्या घरचा. हे तो मांडीवर घेऊन गाडीनं आले होते अन् कंडक्टरनं त्याचंबी तिकिट फाडलं होतं. ह्यायचं सारं लक्ष त्याच एका हुक्क्यावर. म्हनत, "बाकीचं कसंबी जाओ, हा चांगल्या मानसाच्या हातात पडला का मी जिंकलो. मंग म्हनाव तुह्या भावाले चिलीमबाबा."

लिलावाच्या तीन दिवस आधी हे सह्या कराले वर्ध्याले गेलते. दुसऱ्या दिवशी सामान न्याले गाडी येनार, म्हनून सारं काढून व्हरांड्यात मांडून ठेवलं होतं. तेवढ्यात शेजारच्या प्रमिलाबाई दही मांगाले आल्या. हुक्क्याकडं पाहून त्यायनं नाक मुरडलं. "हे असं काळंकुट्ट धाडता? लोकं म्हनतीन, यायच्या घरात बाई हाय का नाई?"

झालं! बाई गेली, पन तिचं बोलनं गेलं नाई. खरंच त हाय, म्या म्हन्लं. पोरगी दाखवाची असली त मळक्या तोंडानं दाखवतेत का? अन् हे त लगीनच म्हनतेत. हे एवढे सदतीस वर्ष राबले, अन् मी यायच्या कामात कवा काडीचाबी हात लावला नाई. पह्यले उष्ट्याचं मनात आलं. मंग म्हन्लं, जाऊ दे, मेला त्या हुक्क्याचा मालक, शंभर वर्ष झाले. आंघोळ करून घेईन वरून.

चिंच भिजू घातली. चुलीची राख चाळून घेतली. नारळाची शेंडी घेतली अन् तो हुक्का मांडीवर आडवा घेऊन बसली. अवो माय, काय काजळी, काय काजळी! पानी काळं, हात काळे, लुगडं काळं. बारा वाजता बसली ते चार वाजता उठली. आंगठा सुजला. पन हुक्का कसा, नव्या गंज-पातेल्यासारखा पांढराफेक! मले एवढा आनंद झाला का मी चहा ठेवून दारात वाट पाहत बसली.

हे पाचच्या गाडीनं आले. "पाहा!" म्या म्हन्लं. हे पाह्यतच राह्यले. पिशवी हातातच. मंग हळूच खाली बसले, हुक्का उचलला, इकडून पाह्यला, तिकडून पाह्यला, आंगठ्यानं कुठं कुठं चाचपला.

"चांगला चमकला," म्हने. अन् चहा घेतलाच नाई.

मले काई समजे ना. ह्यायच्या पिशवीतून ते नवीन छापलेली पुस्तिका डोकावून राह्यली होती. म्या काढली. वरच्या पानावर आमचा हुक्का होता. काळा, अन् त्या काळ्यावर चांदीच्या वेली, फुलं, पानं, अशा का हात लावला त तुटतीन. म्या त्या कवा नीट पाह्यल्याच नव्हत्या. म्या खाली पाह्यलं. त्या वेली होत्या तठीच होत्या, पन चांदीबी पांढरी अन् गोळाबी पांढरा. काईच दिसे ना.

"अवो, ते काजळी नव्हती का?"

"नाई वं. बिदरी म्हनतेत याले. मुद्दाम काळा करतेत, म्हंजे चांदी उठून दिसते. शंभराच्यावर वर्ष टिकलं होतं ते काळं."

"मंग बोलत काऊन नाई? शिव्या द्या ना मले! काई त बोला!"

"तुले कसं ठाव असंन?" हे म्हन्ले. "म्या कवा सांगतलंच नाई. अन् तूबी कवा इचारलं नाई." एवढं बोलून हे मांगं निंघून गेले. मी पदर तोंडात कोंबून रडली. शिव्या देल्ल्या असत्या त बरं झालं असतं. या मानसाले धड भांडताबी येत नाई!

लिलावाच्या दिवशी मी जानारच नव्हती. हे म्हन्ले, "चाल, लेकीच्या लग्नाले माय नाई का लागत?" गेली. कार्यालय भरलेलं. नागपूर, अमरावती, हैदराबादचे लोकं, कोनी फोनवरून बोली लावून राह्यलं. सुमीत समोर लाकडी हातोडा घेऊन उभा. एकेक चिलीम निंघे, तो ह्यायची चिठ्ठी वाचे, अन् भराभर हात वर होत. लोकं येऊन येऊन ह्यायले हात मिळवत, काई काई इचारत. हे ताठ बसून सांगत. मी कोपऱ्यात बसून पाहून राह्यली होती. म्हन्लं, देवा, हे इथंच थांबू दे, तो हुक्का येऊच देऊ नको.

पन आला. सुमीतच्या मानसानं आनून टेबलावर ठेवला. सुमीत म्हने, "पुस्तिकेतला फोटो आधीचा आहे. मालकांनी कळवलं आहे की हा हुक्का त्यांच्याच हातून चुकून घासला गेला."

त्यांच्याच हातून! मले त ऐकूनच झटका बसला. ह्यायनं सारं आपल्यावर घेतलं होतं. पूर्‍या हॉलात कुजबुज सुरू झाली. माह्या मांगं एक जन म्हने, "बिदरी घासते का कोनी? काय जानकार अन् काय!" दुसरा म्हने, "त्या चिठ्ठ्याबी कोनाकडून लेहून घेतल्या असतीन." म्या ह्यायच्याकडं पाह्यलं. हे मान खाली घालून आपले गुडघे पाहून राह्यले होते. आत्ता घडीभरापह्यले ताठ बसलेला मानूस!

आता माह्या जिभेले हाड नाई, हे साऱ्या आर्वीले ठाव हाय. मी उठून उभी राह्यली.

"ओ भाऊ! ओ, मांगचे! म्या घासला तो हुक्का. म्या! चिंच अन् राख लावून, चार तास! ह्यायले ठावबी नव्हतं, हे वर्ध्याले गेलते. चुकी माही हाय अन् नाव ह्यायनं आपलं सांगतलं. ज्यायले ह्यायची परीक्षा घ्याची असंन त्यायनं कोनतीबी चिलीम उचलावी अन् इचारावं. चिठ्ठी न पाह्यता सांगतीन. अन् नाई सांगतलं त मी नाव बदलीन!"

सुमीतचा चश्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला. मी बसली नाई, तशीच उभी राह्यली.

मंग समोरून एका म्हाताऱ्या मानसानं बोलीची नंबरवाली पाटी वर केली. हैदराबादचा होता. म्हने, "घडाई तो वही है ना, साहब. रंग हम बीदर में फिर चढ़वा लेंगे." अन् ठरवलेल्या किमतीच्या अर्धी बोली त्यानं लावली. माह्या जिवात जीव आला. चला, कोनी त घेते. मानूसबी जानकार दिसे.

"एक वार," सुमीत म्हने. "दोन वार..."

"थांबा," हे उठले.

"काकाजी?"

"हा इकाचा नाई मले."

सुमीत गोंधळला. हातोडा पडाच्या आधी मालकाले मांगं घेता येते, हे त्यानं सांगतलं, पन म्हने कारण त सांगा, कागदावर लेहावं लागते. हैदराबादवालाबी वळून पाह्याले लागला. आमच्या ह्यायले चार मानसात बोलाची सवय नाई. पन हे बोलले.

"सदतीस वर्ष झाले," हे म्हन्ले. "हिनं माह्या एकाबी वस्तूले बोट लावलं नाई. उष्टं म्हने. माही काई तक्रार नाई, ज्याचं त्याचं मन असते. पन तीन दिवसापह्यले हिनं हा हुक्का चार तास मांडीवर घेतला. आंगठा अजून सुजलेला हाय तिचा, पाहा. तुमी म्हनता याची किंमत गेली. असंन, तुमच्या हिशेबानं गेली. मले आता हा पह्यल्यापेक्षा प्यारा हाय. लेहा तुमच्या कागदावर काय लेहाचं ते."

एवढं बोलून हे सरळ टेबलापाशी गेले, हुक्का उचलला अन् माह्याकडं आले. मंग त्या हैदराबादवाल्या म्हाताऱ्यानंच टाळी वाजवली, अन् मंग साऱ्यायनं. मांगचे दोघंबी वाजवून राह्यले होते, मेले.

"धर," हे म्हन्ले. "अजून चाळीस नग बाकी हायेत. मले लोकायले सांगा लागते."

म्या धरला. रडून रडून नाक लाल झालं होतं, पन पदर काढाले हात मोकळा नव्हता. हे समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले, ताठ, अन् सुमीतनं पुढची चिलीम काढली.

थोड्या वेळानं बाजूच्या खुर्चीवरची एक शहरातली बाई माह्याकडं वाकली. माह्या मांडीवर बोट दाखवून हळूच म्हने, "काकू, हा बिदरीचा का हो? मग पांढरा कसा?"

म्या तिले पह्यले बिदरी काय असते ते सांगतलं. काळं कसं करतेत, चांदी कशी बसवतेत, सारं, जेवढं तीन दिवसात ह्यायले इचारून इचारून शिकली होती तेवढं. अन् मंग म्हन्लं, "पांढरा म्या केला, बाई. आमच्या ह्यायनं म्हनून तो इकला नाई."