अर्थिंगची पिन

दुपारचे तीन वाजले होते आणि एलादला खुर्चीतून उठायचाही कंटाळा आला होता. पळस्प्याच्या दातांच्या डॉक्टरांचा यूपीएस तिसऱ्यांदा परत आला होता. डॉक्टरांकडे येणारी वीजच वाकडी असेल, असा त्याला संशय होता. उद्या तिथे ऑसिलोस्कोप न्यायचा, विजेची लाट पडद्यावर बघायची आणि विषय मिटवायचा. बाहेरची कामं नेहमी त्याच्याच गळ्यात. पनवेलच्या दुकानातली टेबलावरची दुरुस्ती भागीदार मिथुन बघायचा. भागीदारीला बारा वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी भांडणं एलादने नुसती गिळली होती.

त्याने स्कोपचा प्लग सॉकेटमधून काढला आणि त्याची झोप उडाली. वरची जाड पिन, अर्थिंगची, मुळापासून कापलेली होती.

“हे कुणी केलं?”

“मी,” मिथुन मान वर न करता म्हणाला. “प्रोबचा चिमटा फेजला लावला का दुकानाची लाइटच जायची. मंग टाकली कापून. वरीस होऊन गेलं, काय झालं काय?”

एलादला हसावं की रडावं कळेना. प्रोब म्हणजे स्कोपची मोजायची वायर, तिचा तो चिमटा आतून स्कोपच्या बाहेरच्या पत्र्याला जोडलेला आणि पत्रा अर्थिंगला. चिमटा फेजला लावला की लाइट जाणारच. यंत्र ओरडून सांगत होतं, बाबा, असं करू नकोस. ह्या पठ्ठ्याने त्याचं तोंडच बंद केलं. आता चिमटा फेजला लागला की अख्खा पत्रा दोनशे तीस व्होल्टवर!

“डिफरन्शियल प्रोब आणून दिलाय ना तुला? दोन टोकं, एकही पत्र्याला जोडलेलं नाही. मेन्स, म्हणजे सॉकेटची वीज, बघायला तोच वापरायचा असतो.”

“त्याला सेल लागतात. कोण सारखा बदलत बसंल? आनि मी पत्र्याला हात नाय लावत.”

एलादने वाद घातला नाही. प्लग परत घालून स्कोप चालू केला. एकही प्रोब लावलेला नव्हता. मीटरचं एक टोक पत्र्याला टेकवलं, दुसरं दुकानाच्या अर्थिंगला. एकशे बारा व्होल्ट. आतल्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या विजेला जायला वाटच उरली नव्हती. एवढ्याने माणूस सहसा मरत नाही, नुसतं झिणझिणतं.

रोज सकाळी मिथुनची बायको समृद्धी दुकान उघडायची, बटणं चालू करायची आणि सगळी यंत्रं ओल्या फडक्याने पुसून काढायची. वर्षभर ती बोटांना मुंग्या येतात म्हणून गोळ्या खात होती. एखाद्या सकाळी तो चिमटा फेजला तसाच राहिला असता तर? आणि आपण रोज तिचं ऐकून ‘आराम करा’ म्हणत होतो! एलादला स्वतःची लाज वाटली.

त्याने स्कोप बंद करून नवा तीन पिनांचा प्लग बसवला. स्कोप चालू करून पुन्हा पत्र्यावर मीटर धरला, शून्य. मग डिफरन्शियल प्रोबमध्ये सेल घातले, त्याची दोन टोकं सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रलला लावली. पडद्यावर लाट नीट उभी राहिली. कुठे काही तडकलं नाही, लाइट गेली नाही.

“समृद्धीला बोलू नको,” मिथुन हळूच म्हणाला.

तेवढ्यात समृद्धी चहा घेऊन आली. “एलादभाऊ, डॉक्टर बोलले आता नसांचा मोठा डॉक्टर बघा. वाशीला जावं लागंल.”

मिथुन कप उचलून चहा फुंकू लागला. तो बोलेल म्हणून एलादने वाट पाहिली. खूप थकवा आला होता त्याला, पण आता हेही गिळायचं त्याच्या जिवावर आलं.

“वहिनी, मोठा डॉक्टर राहू द्या. त्या मुंग्या ह्या यंत्राच्या असणार,” तो म्हणाला आणि कापलेल्या पिनेचा जुना प्लग दाखवून त्याने सगळं सांगितलं.

समृद्धीने स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली. मग नवऱ्याला विचारलं, “तुमाला ठाऊक होतं?”

“नाय गं. मला कसं कळनार?”

तिची नजर त्याच्या पायांकडे गेली.

“मंग ही रबराची चटई,” ती म्हणाली, “तुमच्याच पायाखाली कशाला टाकलीय?”